मागचे स्पीकर

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान सावळीराम गतीर यांना गाण्यातलं काहीही कळत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या काळात अख्ख्या गंगापूर रोडची समजूत उलटी होती. घोटीला त्यांची राइस मिल. आजूबाजूच्या गावांचा भात तिथे भरडला जायचा, आणि त्या भाताच्या तुसावर दाजींनी नाशकात बंगला उभा केला. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. गंगापूर रोडला तेव्हा बंगल्यांपेक्षा द्राक्षांचे मांडव जास्त होते. बंगल्यात मोठा हॉल, हॉलला जमिनीपर्यंत लोळणारे पडदे, आणि चार कोपऱ्यांत चार स्पीकर. माणसाएवढे नाही, पण शाळेतल्या पोराएवढे नक्की. मधोमध एक खुर्ची. त्या खुर्चीत फक्त दाजी बसायचे.

हे स्पीकर मुंबईच्या एका दुकानदाराने त्यांच्या गळ्यात मारले होते. परदेशात म्हणे चारी बाजूंनी गाणं ऐकायची टूम निघाली होती, आणि निघाली तशी विरलीही होती. त्यासाठी खास रेकॉर्डी लागायच्या. त्या नाशकात सोडाच, मुंबईतही कुणाकडे नव्हत्या. दुकानदाराला हे माहीत होतं. दाजींना नव्हतं. घरी आणून मांडल्यावर पुढचे दोन स्पीकर बोलायला लागले आणि मागचे दोन मुकेच राहिले.

मग गोरक्ष आला. हा दाजींचा घोटीचा शाळासोबती, ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला. वायरींच्या कामात हुशार, आणि मटणाच्या आमंत्रणाला कधीही नाही न म्हणणारा. त्याने साध्या स्टिरिओ रेकॉर्डीवरच मागचे स्पीकर चालतील अशी जोडणी करून दिली. मी त्याला विचारलं, हे होतं कसं?

"सोपंय," तो म्हणाला. "स्टिरिओत डावीकडचा आवाज वेगळा, उजवीकडचा वेगळा. मी मागचे असे जोडलेत की दोन्हीकडे जे सारखं आहे ते एकमेकांना खोडून टाकतं. उरतो तो फरक. मधोमध उभा राहून गाणारा माणूस मागे जवळजवळ नाहीसाच होतो. कडेची वाद्यं, कोरस, थोडा घुमारा, तेवढं मागून येतं."

"आणि जुन्या रेकॉर्डींचं काय?"

"त्या मोनो. दोन्हीकडे सगळं सारखंच. मागून काही यायचं कारण नाही."

दाजींकडच्या निम्म्याहून अधिक रेकॉर्डी मोनो होत्या. पण दर रविवारी दुपारी पाहुणे जमले की ते कुठलीही रेकॉर्ड लावायचे. मोनो रेकॉर्ड लागली की मागून फक्त सुईची खरखर आणि धुळीची तडतड यायची. दाजी एक बोट वर करायचे.

"ऐकलंत? समोर गवई. आणि मागे? मागे मैफलीचे श्रोते! त्यांची कुजबूज ऐकू येतेय की नाही?"

"येतेय ना," दातांचे एक डॉक्टर म्हणायचे. "कुणीतरी खोकलंसुद्धा."

मी गोरक्षकडे पाहायचे. तो मान खाली घालून रश्शात भाकरी चुरत असायचा. त्याला खरं माहीत होतं आणि त्याने ते कधी सांगितलं नाही. दाजींपेक्षा मला त्याचीच जास्त किळस यायची. दाजी निदान अडाणी तरी होते.

मी का जायचे तिथे? मालनताईसाठी. मी नाशिकरोडला आईबरोबर राहत होते, बँकेत क्लार्क होते, आणि रविवार मोकळा असायचा. दाजी मला बघून म्हणायचे, "या मेव्हणीबाई, बसा. तुमच्या त्या ट्रान्झिस्टरने कान खराब झालेत तुमचे. जरा चांगलं ऐका." मग ताईला हाक मारायचे, "अगं, चहा!" ताई पडद्याआडून आत-बाहेर करायची. बसायची नाही. तिला बसायला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता ताईविषयी. लग्नाआधी मालनताई वत्सलाबाईंच्या क्लासात गाणं शिकायची. वत्सलाबाई पंचवटीत राहायच्या, कडक होत्या, आणि पोरींना उगाच शाबासकी देत नसत. एकदा मुंबईचे एक संगीतकार भक्तिगीतांची रेकॉर्ड करत होते, त्यांना कोरससाठी नवे, कोवळे आवाज हवे होते. ओळखीतून वत्सलाबाईंकडे निरोप आला. त्यांनी क्लासातल्या चार-पाच मुली निवडल्या, त्यात ताई होती. वडील स्वतः त्यांना घेऊन मुंबईला गेले. ताई दोन दिवसांनी परत आली ती बोलतच होती. काचेमागे बसलेला माणूस, डोळ्यांवर आलेला दिवा, संगीतकारांनी हात वर केला की श्वास कसा धरायचा, सगळं. रेकॉर्ड निघाली, पाठीवर मोठ्या गायिकेचं नाव आणि खाली 'आणि सहकारी'. आमच्याकडे रेकॉर्ड वाजवायचं यंत्रच नव्हतं. रेडिओवर एकदा ती गाणी लागली, पण मोठ्या गायिकेच्या आवाजाखाली कोरस कुठल्या कुठे गाडला गेला होता. ताई रेडिओला कान लावून बसली होती. "इथे मी आहे," ती म्हणाली. आम्हाला काही ऐकू आलं नाही.

पुढच्याच वर्षी गतीरांचं स्थळ आलं. बघायच्या कार्यक्रमात वडिलांनी हौसेने सांगितलं, मुलगी रेकॉर्डवर गायलीय. दाजींचे वडील म्हणाले, "असू द्या. आता गाण्याचं काय काम?" दाजी समोरच बसले होते. त्यांनी ते ऐकलंही नसेल. शेवेचा चिवडा खात होते.

लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. एका रविवारी दाजींनी नवी रेकॉर्ड आणली. चांगली स्टिरिओ, मोठ्या गायिकेची भक्तिगीतं. कव्हर मी लगेच ओळखलं. मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. ताई पोह्यांच्या बशा मांडत होती.

सुई टेकली. समोरून मोठ्या बाईंचा आवाज आला, आणि कडव्याच्या शेवटी, आमच्या पाठीमागून, अगदी खांद्याजवळून कोरस उठला. गोरक्षने सांगितलं होतं तसंच. मागे मोठ्या बाई नव्हत्याच, त्यांची नुसती सावली होती. आणि त्या सावलीतून चार-पाच मुली गात होत्या, स्वच्छ, वेगवेगळ्या. त्यातली एक सगळ्यांच्या किंचित आधी उचलायची. तो आवाज मी लहानपणापासून एका अंथरुणात झोपून ऐकला होता.

ताई दारात उभी राहिली. हातात बशा.

दाजी हसले. "ऐका, ऐका, ही गंमत ऐका. मोठ्या बाईंमागे उभ्या केलेल्या पोरी! रोजंदारीवर आणतात, मजुरीला आणल्यासारख्या. त्यातली एक तर बघा, सगळ्यांच्या आधी सुटते. बैलाचं दावं सुटावं तशी!"

दातांचे डॉक्टर हसले. द्राक्षवाले पुंजाराम शेठ हसले. गोरक्षसुद्धा हसला.

"ती मी आहे," ताई म्हणाली.

कुणाला कळलंच नाही. दाजी म्हणाले, "काय?"

"आधी उचलते ना, ती मी. तसंच सांगितलं होतं आम्हाला. एकीने उचलायचं, बाकीच्यांनी धरायचं. मी डाव्या टोकाला उभी होते, माइकच्या जवळ."

रेकॉर्ड चालूच होती. दाजींनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग स्पीकरकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. मग उठून सुई मागे आणली. "गा," ते म्हणाले. "गा बघू त्याच्याबरोबर. कळू दे."

अशी आज्ञा नोकरालाही कुणी चार माणसांत देत नाही. ताईने बशा टेबलावर ठेवल्या. "मला चहा ठेवायचाय," म्हणाली आणि आत गेली.

मला वाटलं, आता हा माणूस शरमेने खुर्चीत बुडून जाईल. मी दाजींना ओळखलंच नव्हतं. त्या माणसाला शरम नावाची गोष्ट कशी असते ते ठाऊकच नव्हतं. पुढच्या रविवारपर्यंत त्यांनी निम्म्या नाशकाला सांगून टाकलं होतं की आपल्या मिसेसचा आवाज रेकॉर्डवर आहे आणि तो आपणच शोधून काढलाय.

"इतकी वर्षं कुणाला ऐकू आला होता का?" ते पाहुण्यांना विचारायचे. "रेकॉर्ड हजारो लोकांकडे असेल. पण ऐकू आला तो ह्या घरात! माझ्या मागच्या स्पीकरमधून! म्हणजे आवाज तिचा, पण बाहेर काढला मी."

ताईला मधल्या खुर्चीत बसवलं जाऊ लागलं. बोट वर करून दाजी सांगायचे, "हां, आता येईल... आता... ही! ही आमची ही!" आणि पाहुणे टाळ्या वाजवायचे, रेकॉर्डीला. खुर्चीत बसलेल्या जिवंत बाईला कुणी विचारलं नाही की तुम्ही अजून गाता का.

खरं सांगते, ताईला सुरुवातीला ते आवडलं. ती चांगली साडी नेसून बसायची, केसांत गजरा घालायची. मला तिचाही राग यायचा. मी एकदा बोलून दाखवलं, "ताई, तू यांच्या सर्कशीत उभी राहतेस."

"तुला काय कळतंय यशे," ती म्हणाली. "मला माझा आवाज पहिल्यांदा ऐकू आलाय. कुणामुळे का असेना."

माझा राग गेला नाही.

थोड्या दिवसांनी तिने दाजींकडे एक गोष्ट मागितली. मी तिथेच होते. दाजी रेकॉर्ड पुसत होते.

"अहो, मी वत्सलाबाईंच्या क्लासला परत जाऊ का? रविवारी दुपारी असतो. त्यांना भेटले परवा. ये म्हणाल्या."

"क्लासला?" दाजींनी फडकं थांबवलं नाही. "आता ह्या वयात? आणि लोक काय म्हणतील, मिलवाल्याची बायको पोरीटोरींत बसून सा रे ग म करते? अगं, तुझा आवाज आहे ना घरात. रेकॉर्डवर. पाहिजे तेव्हा लावू."

ते फडकं रेकॉर्डीवरून गोल गोल फिरत राहिलं. 'पाहिजे तेव्हा लावू.' मला अजून ते वाक्य आठवलं की हात शिवशिवतात.

पुढचा रविवार मोठा होता. दाजींनी जिल्हा परिषदेतले कुणी एक सभापती बोलावले होते, त्यांच्यासाठी मिठाई, त्यांच्यासाठी नवे पेले. दातांचे डॉक्टर होते, पुंजाराम शेठ होते, गोरक्ष तर होताच. ताई खुर्चीत बसली नाही. दाराला टेकून उभी राहिली. दाजींना त्याचं काही वाटलं नाही. खुर्चीत सभापती बसले.

दाजींनी सगळी कहाणी सांगितली, कहाणीत स्वतःला दोनदा शाबासकी दिली, आणि सुई टेकवली.

समोरून मोठ्या बाई गायला लागल्या. कडवं संपलं. मी वाट पाहत होते, पण पाठीमागून काहीच उठलं नाही. कोरस समोरच कुठेतरी, बाईंच्या आवाजाखाली दबलेला. मी मागे वळून पाहिलं. पडद्याच्या खालून वायरीचं एक टोक बाहेर आलं होतं, उघडं, तांबूस. दुसऱ्या कोपऱ्यातही तसंच. मी ताईकडे पाहिलं. ती दाजींकडे पाहत होती.

दाजींनी बोट वर केलं. "हां... आता... आली! ऐकलंत साहेब? अगदी मागून! ही, ही आमची ही!"

सभापतींनी डोळे मिटून मान डोलावली. "वा! काय गळा आहे."

"खांद्यावर हात ठेवून गातायत असं वाटतं," डॉक्टर म्हणाले.

"डावीकडून," पुंजाराम शेठांनी भर घातली. "डावीकडून जरा जास्त."

गोरक्षला ते टोक दिसलं होतं. त्याने पाहिलं, आणि मग हातातल्या पेल्यात पाहत बसला. माणूस किती लाचार असू शकतो ते मी त्या दुपारी पाहिलं. पाच पुरुष, चांगले खाऊनपिऊन सुखी, आणि चौघांना आपण काय ऐकतो ते ठाऊक नव्हतं, ज्या एकाला होतं त्याला तोंड नव्हतं.

ताई पुढे झाली. आवाज चढवला नाही तिने. "मागचे स्पीकर बंद आहेत," ती म्हणाली. "सकाळीच वायरी काढल्यात मी."

दाजी हसले. "चेष्टा करते. हिला सवय आहे."

"मी कधी चेष्टा केलीय तुमची? बघा की मागे."

कुणी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कबूल करावं लागलं असतं. सभापतींनी डोळे उघडले आणि घड्याळ बघितलं. डॉक्टर उगाचच खोकले. मोठ्या बाई समोर गातच होत्या.

"मी क्लासला चाललेय," ताई म्हणाली. "चहा ओट्यावर गाळून ठेवलाय. यशे, येतेस?"

मी गेले. फाटकाबाहेर येऊन आम्ही रिक्षा केली आणि पंचवटीला गेलो. रिक्षात मी तिचा हात धरला तर म्हणाली, "धरू नको, नाहीतर रडेन. मला तिथे रडत जायचं नाही." वत्सलाबाईंनी तिला दारात पाहिलं, चष्मा वर केला, आणि म्हणाल्या, "उशीर झालाय. मागे बस." हे पाच-सहा वर्षांच्या उशिराबद्दल म्हणाल्या की त्या दुपारच्या, ते मला कळलं नाही.

दाजींनी ताईशी बोलणं टाकलं. बाहेर मात्र भरपूर बोलले. बायकोचं डोकं फिरलंय, माहेरच्यांनी फूस दिलीय, मेव्हणी भांडकुदळ आहे. शेवटी घोटीहून आपल्या आईला बोलावलं, सुनेला वळण लावायला. आक्काबाई आल्या, नऊवारी, कपाळावर हे एवढं कुंकू. मलाही मुद्दाम बोलावलं होतं, माझीही खरडपट्टी व्हावी म्हणून. आक्काबाई सोफ्यावर न बसता खाली सतरंजीवर बसल्या आणि मुलाचं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं.

"झालं तुझं?" त्या म्हणाल्या. "आता मला सांग, ह्या डब्यांपुढं तू किती वेळ बसतो?"

"आई, ते वेगळं. ते ऐकणं आहे."

"मिलीवर मुकादम हाय म्हणून मिल चालू हाय. तू इथं डब्यांपुढं बसून माना हलवतो. ते चालतं. आन् ती येक दिस गाणं शिकाया गेली तं घराण्याची आब्रू गेली व्हय रे?"

"लोक हसतात, आई."

"तुला हसत्यात. तिला नाय हसत. लय शहाणा झालाय तू." मग ताईकडे वळून म्हणाल्या, "तू जा गं. पर सैपाक करून जा."

स्वयंपाक करून जायचं, एवढीच काय ती मोकळीक. मला ती पुरेशी वाटली नाही, आजही वाटत नाही. पण ताईने ती घेतली आणि एकही रविवार चुकवला नाही.

दाजींचे रविवार त्यानंतर ओस पडले. सभापती पुन्हा आले नाहीत. डॉक्टरांना अचानक रविवारी पेशंट मिळू लागले. गोरक्ष काही दिवस आला, आणि मटण बंद झाल्यावर तोही यायचा थांबला. त्र्याऐंशीत दाजींनी व्हिडिओ आणला, रंगीत टीव्ही आणला, आणि म्हणाले की नुसतं ऐकण्यात काय आहे, माणसाने बघायला पाहिजे. स्पीकर एका मंडपवाल्याला देऊन टाकले. त्यांच्यावर लग्नांच्या वरातीतली गाणी वाजली, आणि त्या स्पीकरांची तीच लायकी होती असं दाजी सगळ्यांना सांगत फिरले.

ताई काही मोठी गायिका झाली नाही. उगाच खोटं कशाला सांगू? आवाज पूर्वीसारखा हलका राहिला नव्हता, वरच्या सुरांना धाप लागायची. गणपतीत दोन-तीन ठिकाणी गायली, एकदा सुरगाण्याच्या आश्रमशाळेत वत्सलाबाईंबरोबर शिबिराला गेली आणि तिथल्या मुलींकडून त्यांची गाणी शिकून आली. तिला शिकवता छान यायचं. वत्सलाबाईंच्या गुडघ्यांनी दगा दिल्यावर क्लास ताईच घेऊ लागली.

पंच्याऐंशीत एकदा मी क्लासात जाऊन बसले होते. ताईसमोर मुलींची रांग. प्रत्येकीला एकेकटी गायला लावत होती. एक बुटकी मुलगी घाबरून सगळ्यांच्या मागे लपली होती, ताईने तिला हाताला धरून पुढे आणलं आणि म्हणाली, "तुझा आवाज मला तुझ्याच तोंडून ऐकायचाय. घोळक्यातून नाही."

तेवढ्यात खाली गल्लीत मोटारीचा हॉर्न वाजला. दाजी तिला न्यायला आले होते. त्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला कुणीतरी येणार होतं, त्यांना घाई होती. हॉर्न पुन्हा वाजला, आणि मग सारखाच वाजू लागला. मुली एकमेकींकडे बघून हसायला लागल्या.

"ताई, दाजी आलेत," मी म्हणाले.

"कळलं मला. कान आहेत." ती त्या बुटक्या मुलीकडे वळली. "तू गा गं. वाजू दे तो, दमेल."

मुलगी गायला लागली. पहिल्यांदा चुकली, मग दुसऱ्यांदा सा बरोबर लागला. खाली हॉर्न वाजतच होता. ताईने खिडकी लावून घेतली नाही, खाली डोकावूनही पाहिलं नाही. मुलीचं कडवं पूर्ण होईपर्यंत ती मांडीवर ताल धरून बसून राहिली, आणि मग म्हणाली, "आता पुढची."